शेजारधर्म पहांटेपर्यंतच काय?

संकटकाळीं धांवून येतो तो शेजारी, अशी आमच्या लोकांची जुनी व्याख्या आहे, आणि ती खरी आहे याविषयीं आम्हांस मुळींच शंका नाहीं. आमची शंका निराळी आहे. संकट ओसरल्यावरहि तो धांवून आलेला मनुष्य शेजारी राहतो काय? महापूर, भूकंप, वादळ यांची वार्ता येतांच फंड उघडतात, सभा भरतात, कपड्यांचे गठ्ठे रवाना होतात. हें सर्व योग्यच आहे. परंतु जो हात सर्वांच्या आधीं ढिगाऱ्यांत शिरला त्याचें पुढें काय झालें, हें विचारण्यास फारसें कोणी जात नाहीं. आज आम्ही तेवढाच प्रश्न विचारणार आहों, आणि त्यासाठीं दूरचें उदाहरण न घेतां आमच्याच मराठवाड्यांतील घेतों.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील भूमि हादरली. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपति पोंचवून आलेलीं माणसें थकून झोंपलीं होतीं. किल्लारी, सास्तूर व त्यांच्या आसपासचीं गांवें पाहतां पाहतां भुईसपाट झालीं आणि सुमारें आठ हजार माणसें प्राणांस मुकलीं. यांतील बहुतेक मृत्यु भूमीनें घडविले नाहींत, घरांनीं घडविले. मातींत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षें माती चढवून जड केलेलें माळवद, अशी तिकडील खात्यापित्या घरांची रचना. उन्हाळ्यांत तें घर थंड राहतें; पण भिंत सुटली म्हणजे तेंच छप्पर झोंपलेल्या माणसांवर येतें. याच्या उलट ज्यांच्या डोक्यावर नुसतें गवताचें किंवा पत्र्याचें छप्पर होतें, तीं गरीब माणसें पुष्कळ ठिकाणीं वांचलीं. ज्या भिंती घराण्याची प्रतिष्ठा मिरवीत होत्या त्यांनींच घात केला, आणि दारिद्र्यानें ज्यांस भिंतच दिली नव्हती त्यांचे हात मोकळे राहिले.

त्या काळोखांत, आणि मागाहून कोसळलेल्या पावसांत, पहिले ढिगारे कोणीं उपसले? पुढें सैन्य आलें, डॉक्टर आले, देशाच्या कानाकोपऱ्यांतून स्वयंसेवक आले. त्यांची सेवा थोर होती. पण ते येण्यापूर्वींचे जे तास, ज्यांत दबलेला मनुष्य जगतो कीं मरतो याचा निकाल लागतो, ते तास शेजाऱ्यांचे होते. यांत सरकारास दूषण देण्याचा आमचा हेतु नाहीं. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघालेली मोटर कितीहि वेगानें आली तरी भिंतीपलीकडे राहणाऱ्या माणसाच्या आधीं ती पोंचणार नाहीं, हा साधा हिशेब आहे. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आशियांतील एक बलाढ्य शहर जागच्या जागीं थिजलें, तेव्हांहि पाण्यांत अडकलेल्या अनोळखी वाटसरूंस हातांची सांखळी करून बाहेर काढलें आणि रात्रभर आपल्या खोलींत ठेवून घेतलें तें रस्त्याकांठच्या चाळींतील व झोंपडपट्ट्यांतील रहिवाशांनींच.

ढिगाऱ्याखालून हाक मारणारा मनुष्य येणाऱ्या हाताची जात विचारीत नाहीं, आणि हाक ऐकणाराहि आंत कोण आहे हें पाहून मग पहार उचलीत नाहीं. शेंकडों वर्षें कीर्तनांनीं आणि पुढें कायद्यांनीं जें पुरतें साधलें नाहीं, तें एका धक्क्यानें घटकाभर साधतें. आमचा प्रश्न असा, कीं तें घटकाभरच कां?

पुनर्वसनाकडे पाहिलें म्हणजे या प्रश्नाचें उत्तर सांपडूं लागतें. अधिक उद्ध्वस्त झालेलीं ५२ गांवें नव्या जागीं वसविण्याचें ठरलें. जागतिक बँकेचें कर्ज मिळालें, देणगीदार संस्था पुढें आल्या, हजारों घरें उभीं राहिलीं. हें काम लहान नव्हतें, आणि तें करणारांचें श्रेय आम्ही हिरावूं इच्छीत नाहीं. परंतु कोणास किती मोठें घर द्यावयाचें, याचें माप काय ठरलें? ज्यास जमीन नाहीं किंवा नांवापुरतीच आहे त्यास २५० चौरस फूट, मध्यम जमीनवाल्यास ४००, आणि मोठ्या जमीनवाल्यास ७५०. भूकंपानें वाड्याचा तोरा मातीस मिळविला होता. सरकारच्या फूटपट्टीनें तो पुन्हां आंखून दिला. यावर असें उत्तर मिळेल कीं, मोठ्या शेतकऱ्यास बैल, कडबा, धान्याचीं पोतीं यांसाठीं जागा लागते. लागते, हें आम्हांस कबूल आहे. मग त्यास गोठ्याकरितां मोकळी जागा अधिक द्यावी. पण मनुष्याच्या डोक्यावरचें छप्पर सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून मोजावें, आणि त्या छपराखालीं निजणारीं माणसें मात्र मोजूं नयेत, हा न्याय कोणता?

दुसरी गोष्ट नकाशाची. जुन्या गांवांत बोळ अरुंद होते, घराला घर लागून होतें. त्यांत धोका होता, पण हाकेच्या अंतरावर मनुष्यहि होता. नवीं गांवें शहरी पद्धतीच्या सरळ व रुंद रस्त्यांवर, जुन्या गांवठाणापेक्षां किती तरी अधिक जागेवर पसरलीं. घरें मजबूत झालीं हें उत्तमच झालें. पण जेथें घरांच्या रांगा आकारमानाप्रमाणें लागतात तेथें माणसांच्या रांगाहि तशाच लागतात. 'गांवकुसाबाहेरची वस्ती' हें नांव पुसून 'अडीचशें फुटांची रांग' हें नवें नांव त्या जागीं येत असेल, तर आम्ही गांव बदललें, गांवकूस नव्हे.

हा प्रश्न आजचा नाहीं. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भयंकर भूकंप झाला, तेव्हां हा अस्पृश्यतेच्या पापाचा दंड होय असें महात्मा गांधींनीं म्हटलें, आणि सृष्टीच्या घडामोडीस पापपुण्याचें कारण चिकटविणें अशास्त्रीय आहे असें सांगून रवींद्रनाथ ठाकुरांनीं त्यास उघड विरोध केला. त्या वादांत आम्ही रवींद्रनाथांच्या पक्षाचे आहों. भूगर्भांतील खडक सरकतो तो कोणाचें आचरण पाहून सरकत नाहीं. तथापि गांधींच्या म्हणण्यामागील वेदना टाकून देण्यासारखी नव्हती. भूकंप हा अस्पृश्यतेचा दंड नसेल. पण भूकंपानंतरचें वांटप हा अस्पृश्यतेचा पुरावा असूं शकतो. २००१ सालीं कच्छमध्यें, आणि डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामीळनाडूच्या किनाऱ्यावर, मदतींत व छावण्यांत दलितांस मागें लोटल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. लाट सर्वांस सारखी लागली, मदत सारखी पोंचली नाहीं, हेंच त्या तक्रारींचें सार होतें.

त्सुनामीनंतर वर्षाच्या आंत, २००५ सालीं, आपत्ति व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्याच्या ६१ व्या कलमानें नुकसानभरपाई व मदत देतांना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेद करण्यास मनाई केली. कलम चांगलें आहे. परंतु कायदा वाचण्याची संवय असलेल्या माणसाची दृष्टि मनाईवर न थांबतां शिक्षेकडे जाते. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमानें खोटी मागणी करून मदत घेणारास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली. ६१ व्या कलमांत मात्र शिक्षेचा एक शब्दहि घातला नाहीं. घेणाऱ्याच्या खोटेपणास कैद, आणि देणाऱ्याच्या पक्षपातास नुसता उपदेश! कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्यासाठीं वेगळें कलम आहे, असें कोणी सुचवील. आहे खरें, पण रांगेंत मागें लोटणारा नेहमींच अधिकारी नसतो. पुष्कळदां तो गांवचा पुढारी असतो. आदल्या रात्रीं ज्यानें ढिगारा उपसला तोच सकाळीं यादी करावयास बसलेला असतो.

म्हणून शेजारधर्म हा केवळ रात्रीपुरताच, असा निराशेचा निष्कर्ष काढावा काय? नाहीं. त्याच मुलुखानें त्याच्या उलट पुरावाहि दिला आहे. ज्या गांवांचें स्थलांतर झालें नाहीं, तेथें खचलेलीं घरें जागच्या जागीं दुरुस्त करावयाचीं होतीं; पैसा सरकारचा, काम घरमालकाचें. त्या वेळीं 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साह्यानें गांवोगांवच्या स्त्रियांस 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यांत आलें. योजना घरोघर समजावून सांगणें, लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत पोंचविणें, घर मजबूत कसें करावें हें दाखविणें, अशीं कामें त्यांनीं केलीं. पुढें २००१ सालीं कच्छमध्यें भूकंप झाला, तेव्हां याच लातूर-उस्मानाबादकडील स्त्रिया तिकडे गेल्या, आणि आपण काय भोगलें व त्यांतून कशा उठलों हें त्यांनीं तेथील स्त्रियांस सांगितलें. भाषा निराळी, प्रांत निराळा. तरी त्या तेथें पाहुण्या म्हणून गेल्या नाहींत, शेजारणी म्हणून गेल्या. यांतील मर्म उघड आहे. संकटग्रस्तास नुसतें दान दिलें तर तो याचक होतो. काम आणि अधिकार दिला तर तो दुसऱ्याचा शेजारी होतो.

तेव्हां आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. पहिलें, २००५ च्या कायद्यानें उभारलेल्या प्राधिकरणांचा जिना दिल्लीपासून राज्यापर्यंत आणि राज्यापासून जिल्ह्यापर्यंत उतरतो. पण दाराशीं उभा असलेला शेजारी त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीहूनहि खालीं आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीजवळ दोर, पहारी, विजेऱ्या, आणि नदीकांठीं असेल तर तपासून ठेवलेली बोट असावी, व तीं वापरण्याचें शिक्षण प्रत्येक वस्तींतील तरुणांस मिळावें. सांगली जिल्ह्यांतील ब्रह्मनाळ येथें ८ ऑगस्ट २०१९ रोजीं महापुरांतून माणसें बाहेर काढणारी बोट फार माणसें बसल्यामुळें उलटली आणि दहांहून अधिक जीव गेले. तेथें शेजारधर्म कमी पडला नाहीं, साधन कमी पडलें. दुसरें, पुनर्वसनांत घराचें माप माणसांवरून ठरावें, आणि कोणीं कोणाशेजारीं राहावें याचा विचार ग्रामसभेंत सर्व वस्त्यांदेखत व्हावा. तिसरें, मदतीची यादी करणाऱ्या मंडळींत स्त्रिया व प्रत्येक वस्तीचे लोक असावेत, ती यादी चावडीवर मोठ्यानें वाचली जावी, आणि ६१ व्या कलमास शिक्षेचें बळ मिळावें.

कायद्यानें सर्व कांहीं होईल असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. शेजारी हा सरकारी हुकुमानें नेमतां येत नाहीं. म्हणून शेवटचा प्रश्न आम्ही सरकारास नव्हे, वाचकांस विचारतों. आपल्या गांवाच्या दुसऱ्या टोंकास, किंवा आपल्या शहरांत मागल्या गल्लींत, जी वस्ती आहे तिच्यांत किती घरें आहेत, कोणत्या घरांत अंथरुणास खिळलेलें म्हातारें मनुष्य आहे, कोणाकडे तान्हें मूल आहे, हें आपणांस ठाऊक आहे काय? त्या घराचा उंबरा आपण कधीं ओलांडला आहे काय? घर पडल्यावर ढिगाऱ्यापाशीं उभें राहून पहिला प्रश्न विचारला जातो तो हाच, कीं आंत किती माणसें होतीं, आणि कोठें निजत होतीं? ज्यास याचें उत्तर देतां येतें तोच शेजारी. तें उत्तर त्या रात्रीं शोधून मिळत नाहीं. त्यापूर्वींच्या शांत दिवसांत एकमेकांच्या घरीं जाऊन तें मिळवून ठेवावें लागतें.