आधी ॲड्रेनलिन, मग बाकीचं सगळं

उन्हाळ्यात जुन्नरच्या आसपासच्या गडांवर आग्या मोहोळ उठलं, की डंख बसलेली माणसं आमच्या दवाखान्यात येतात. बहुतेकांना नुसती आग आणि सूज असते. पण एखाद्याच्या अंगभर गांधी उठलेल्या असतात, आवाज घोगरा झालेला असतो, नाडी हाताला लागत नाही. वाटेत कुणीतरी ‘ॲलर्जीचं इंजेक्शन’ दिलेलं असतं. ॲड्रेनलिन मात्र दिलेलं नसतं. याचा मला संताप येतो.

अशा वेळी शरीरात काय घडतं? त्वचेत, श्वासमार्गात, आतड्याच्या अस्तरात रक्तवाहिन्यांना लागून मास्ट पेशी असतात. त्यांच्या आत हिस्टामिनने भरलेले कण ठासलेले असतात. आधीच्या एखाद्या डंखानंतर शरीराने त्या विषाविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं बनवली असतील, तर ती या पेशींवर चिकटून असतात. पुन्हा डंख बसला, की विषाचा रेणू शेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकत्र बांधतो, पेशीत कॅल्शियम शिरतं आणि काही मिनिटांत कण बाहेर रिते होतात. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतलं पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळतात. पाठोपाठ त्याच पेशी ल्युकोट्राइन्स सोडतात. तीही श्वास कोंडतात.

ॲलर्जीचं नेहमीचं इंजेक्शन फक्त हिस्टामिनची जागा अडवतं. खाज थांबते, गांधी बसतात आणि नातेवाइकांना हायसं वाटतं. पण कोसळलेला रक्तदाब त्याने वर येत नाही, सुजलेला घसा मोकळा होत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तर काही तास जातात. ॲड्रेनलिन रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका उघडतं, शिवाय मास्ट पेशींचं रितं होणंही रोखतं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. उतार पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा.

‘हृदयाला झेपलं नाही तर?’ असं माझे काही व्यवसायबंधू विचारतात. ही भीती शिरेतून दिलेल्या चुकीच्या मात्रेमुळे पसरली आहे. स्नायूत योग्य मात्रा देण्यापेक्षा ती न देणं कितीतरी जास्त घातक आहे.

कोविडच्या लशीनंतर आपल्याला अर्धा तास बसवून ठेवत होते, ते याच प्रतिक्रियेसाठी. लसीकरणाच्या ठिकाणी ॲड्रेनलिन ठेवलेलं असतं आणि पहिली मात्रा द्यायला आरोग्यसेविकेला शिकवलेलं असतं. मग गर्दीच्या गडांच्या पायथ्याशी, दातांच्या दवाखान्यांत, गल्लीतल्या प्रत्येक क्लिनिकमध्ये हीच सोय का नको? हे औषध महाग नाही, दुर्मीळही नाही. आरोग्य विभागाने ते सक्तीचं करावं आणि तपासणीत त्याची मुदतही बघावी.

तोवर नातेवाइकांनी काय करावं, तेही सांगते. डंखानंतर किंवा औषधानंतर अंगावर गांधी उठून दम लागला, चक्कर आली, तर रुग्णाला चालवू नका. आडवं निजवा, पाय उंच ठेवा. दम फारच लागत असेल तर टेकवून बसवा. दवाखान्यात पोचताच ‘ॲड्रेनलिन दिलं का?’ असं स्पष्ट विचारा. आणि बरं वाटलं म्हणून लगेच घरी नेऊ नका; काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.