चावरे बूट

"सुरुवातीला चावतातच साहेब, आठ दिवसांत सैल होतील!" असं म्हणणाऱ्या दुकानदाराला तेच बूट घालून शिवाजी पार्कला दहा फेऱ्या मारायला लावाव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे. अहो, कोल्हापुरी तेल पाजून नरम होते. पळण्याचा बूट दुकानात बसला तर बसला! आठ दिवसांत सैल होतो तो माणसाचा निश्चय, आणि बायको म्हणते, "आळशी!"

मी सांगतो, बूट घ्यायला संध्याकाळी जावं. दिवसभरात पाय थोडे फुगतात. पळतानाचेच मोजे घालून उभं राहावं. सर्वांत लांब बोटापुढे (ते पुष्कळदा अंगठ्याशेजारचं असतं) हाताचा अंगठा मावेल एवढी जागा हवी, नाहीतर नखं काळी पडतात. ती सरळ कापावीत. सुती मोजे घाम धरून ठेवतात. ओलं कातडं घासलं की फोड ठरलेला.

यावर कुणीतरी अबेबे बिकिला काढतोच. १९६० साली रोमला तो अनवाणी मॅरेथॉन जिंकला, कबूल. पण का? मिळालेले बूट पायाला बसेनात म्हणून! १९६४ साली टोकियोला तोच गडी बूट घालून जिंकला. रोमला त्याने बूट सैल व्हायची वाट पाहिली नाही, एवढंच.