पाहणी दारापर्यंत गेली पाहिजे

करोनाच्या साथीने वृद्धांच्या प्रकृतीवर आणि स्मरणशक्तीवर काय परिणाम केला, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही; तो वर्गाचाही आहे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये पंचेचाळीस व त्यावरील वयाचे स्त्रीपुरुष आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांहून अधिक जणांची देशव्यापी पाहणी केली. साठीपुढील शेकडा 7.4, म्हणजे सुमारे 88 लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असावा, हा 2023 साली प्रसिद्ध झालेला अंदाज त्याच पाहणीला जोडलेल्या तपासणीतून निघाला. साथीपूर्वीची नोंद हाती असल्याने त्याच माणसांना पुन्हा विचारून तुलना करता येते.

पण विचारायचे कसे? टाळेबंदीत अशा पाहण्या टेलिफोनवरून झाल्या. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. तथापि तुर्भ्याच्या झोपडपट्टीतील ऐकू कमी येणाऱ्या म्हातारीच्या वतीने टेलिफोनवर तिचा मुलगा बोलणार. आणि स्मरणशक्तीची परीक्षा मुलाने देऊन कशी चालेल? शिवाय जे साथीत दगावले ते उत्तर द्यायला नाहीत. उरलेल्यांची सरासरी खऱ्या हानीपेक्षा बरी दिसणार.

वाशीचा घाऊक बाजार टाळेबंदीतही मुंबईला धान्य-भाजी पुरवीत होता. संसर्ग वाढल्यावर मे 2020 मध्ये तो आठवडाभर बंद ठेवावा लागला. तेथे हयातभर पोती वाहिलेले कितीतरी माथाडी आज साठीपलीकडे आहेत. दहा शब्द ऐकवून ते आठवायला लावणे, शंभरातून सात-सात वजा करायला लावणे, अशा कसोट्या शाळा न पाहिलेल्या माणसाला लावल्या की अल्पशिक्षणालाच विस्मरण समजण्याचा धोका असतो. (महिनोन्महिने खोलीत कोंडलेल्याला वार सांगता आला नाही, तर दोष मेंदूचा की टाळेबंदीचा?) अशा माणसाची तुलना त्याच्याच आधीच्या गुणांशी व्हावी, आधीची नोंद नसेल तर ती आता सुरू करावी.

म्हणून नवी मुंबई महापालिकेने आपल्या आरोग्य केंद्रांमार्फत घरोघरी पाहणी करावी, आणि आशा कार्यकर्त्यांवर ते काम फुकट लादू नये. प्रश्नावलीत औषधांचा खर्च, एकटेपणा आणि निवृत्तिवेतन यांचीही विचारणा हवी. ऐंशीच्या आतील निराधार वृद्धाच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा महिना अवघा 200 रुपये आहे. आपल्या नोडमधील व गावठाणातील कार्यकर्त्यांनी ही मागणी प्रभाग कार्यालयात लेखी नोंदवावी आणि पाहणी सुरू झाल्यावर कोणती वस्ती वगळली गेली, याची यादी ठेवावी.