प्रक्षेपण झाले, ग्राहकयंत्रांचे काय?

इंटरनेटवाचून थेट मोबाइलवर दूरदर्शनचे कार्यक्रम दाखविण्याची योजना गेली काही वर्षे चर्चेत आहे. प्रसार भारती आणि कानपूरची आयआयटी यांच्या सहभागाने तिच्या चाचण्या झाल्या. फोनमध्ये वेगळी चिप बसवावी लागून किंमत वाढेल, असा आक्षेप काही उत्पादक कंपन्यांनी २०२३ मध्ये घेतला. वरकरणी हा वाद खर्चाचा वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र एक साधे सत्य आहे: ग्राहकयंत्राला ओळखता न येणारा संकेत असून नसल्यासारखाच होय.

जुन्या रेडिओची खुंटी पिळताना खरखरीतूनही केंद्र कानाला ओळखू येई. डिजिटल प्रक्षेपणात ती सोय नाही. आकड्यांचा प्रवाह कोठे सुरू होतो हे कळून काळाचा व वारंवारतेचा मेळ बसेपर्यंत यंत्राला एक अक्षरही उलगडत नाही. म्हणून प्रत्येक पद्धतीत आधी ओळखीची खूण पाठविली जाते. फाइव्ह-जी फोन पहिल्या शोधात ही खूण दर २० मिलिसेकंदांनी येईल असे धरून चालतो आणि तीवरून १,००८ क्रमांकांपैकी आपल्या क्षेत्राचा क्रमांक ठरवितो. थेट-मोबाइल योजनेला आधारभूत असलेल्या ‘एटीएससी ३.०’ पद्धतीत ‘बूटस्ट्रॅप’ ही सुमारे २ मिलिसेकंदांची खूण असते. वाहिनीचा पट्टा ६ मेगाहर्ट्झचा असो वा ८, ती ४.५ मेगाहर्ट्झमध्येच राहते. संकेत क्षीण असतानाही ती ओळखता यावी, अशी तिची रचना आहे. संकटकाळी निद्रिस्त यंत्राला जागे करण्याची सूचनाही तिच्यात देता येते.

या सोयीचे मोल कोकणाला सांगावयास नको. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत वीज आणि मोबाइल सेवा एकदमच कोलमडली. अशा वेळी दूरवरच्या उंच प्रक्षेपण मनोऱ्यावरून आलेली सूचना मोलाची ठरेल. पण ती ओळखणारे यंत्र लोकांच्या हाती असेल तरच.

येथेच पूर्वानुभव सावध करतो. आकाशवाणीने मध्यम लहरींवर तीसहून अधिक डिजिटल प्रक्षेपक उभारले. परंतु काही नव्या मोटारींतील संच सोडले, तर ते संकेत ओळखणारे स्वस्त रेडिओ सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. सरकारी पैशाने हाक घातली गेली. ती ऐकणारा कान मात्र घडविला गेला नाही.

सर्वच फोनांवर सक्ती करणे गरीब ग्राहकास जाचक होईल, हे खरे. परंतु ग्राहकयंत्राचा प्रश्न बाजारावर सोपवून मनोरे उभारीत जाणे त्याहून महाग पडेल. चिपचा भार कोणी सोसावा आणि स्वस्त संच कोणत्या मार्गाने घरोघर जावेत, याचा निर्णय प्रक्षेपणाच्या विस्तारापूर्वीच व्हावयास हवा.