बिनतारी वीज : जादू नव्हे, कॉइलचेच काम

बिनतारी चार्जर पाहून गिऱ्हाईक विचारते, "तार नाही, मग वीज येते कुठून?" त्यावर "नवी टेक्नॉलॉजी" एवढेच सांगून माल खपवावा, हे आम्हाला पटत नाही.

यात गूढ काही नाही. तत्त्व १८३१ साली फॅरेडे यांनी दाखवले तेच. चार्जरच्या कॉइलमधून सेकंदाला लाखाहून अधिक वेळा दिशा बदलणारा प्रवाह वाहतो. त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे फोनमधील कॉइलमध्ये वीज निर्माण होते. ट्रान्सफॉर्मर असाच चालतो. तिथे दोन्ही कॉइल एकाच लोखंडी गाभ्यावर असतात, इथे मध्ये फट असते. फट वाढली किंवा कॉइल सरकली की वीज वाया जाते. २००७ साली अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी दोन मीटरवरून ६० वॅटचा दिवा पेटवला, तेव्हा सुमारे ४० टक्केच वीज पोहोचली.

म्हणून दुकानदार बंधूंनी खरे सांगावे : सोय आहे, पण वीज तारेपेक्षा जास्त लागते. २०१० पासून चालत आलेल्या 'ची' मानकाचा अस्सल माल पारखूनच भरावा. आणि मोटार-ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग करणाऱ्या आपल्या कारागिरांनी हे काम शिकून घ्यावे. निम्मी विद्या त्यांच्या हातात आधीच आहे.