दूरच्या शेजाऱ्यांची थट्टा

ज्याची थट्टा करावयाची त्याच्याशीं आधीं निकटचा परिचय असावा लागतो, हें आमच्या घरांतील दीर-भावजयांस व व्याही-विहिणींस कोणी शिकवावयास नको. एका चुलीवर जेवणारांचा परिचय आपोआप होतो. परंतु ज्यांच्या दोन घरांमध्यें वीस वीस मैलांचें माळरान पसरलेलें आहे, त्यांनीं एकमेकांची थट्टा करावी तरी कशी? अमेरिकेच्या पश्चिम भागांत गुरें पाळणाऱ्या लोकांनीं या प्रश्नाचें उत्तर मोठ्या युक्तीनें दिलें आहे. ते मोटारींत बसून एकमेकांच्या घरीं जातात, गुरें पाहतात, पोटभर जेवतात, आणि परत आल्यावर वर्षभर एकमेकांची टर उडवितात. आज त्या थट्टेविषयीं लिहावें असा आमचा मानस आहे.

त्या लोकांच्या गुरांच्या मुलखास 'रँच' म्हणतात. मुलूख हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. टेक्सस प्रांतांतील किंग रँच १८५३ सालीं स्थापन झाली; तिचा विस्तार सुमारें सवा आठ लक्ष एकर आहे, म्हणजे ऱ्होड आयलंड हें त्याच देशांतील एक सबंध राज्य तिच्यापेक्षां लहान भरतें. सर्वच रँच एवढ्या मोठ्या नसतात. तथापि नेवाडासारख्या रखरखीत प्रांतांत गवत इतकें विरळ उगवतें कीं, पुष्कळ एकर फिरल्यावांचून एका गाईचें पोट भरत नाहीं. मग माणसांचीं घरें एकमेकांपासून लांब पडतात यांत नवल काय? या विस्ताराचीच त्यांच्यांत एक जुनी गोष्ट आहे. टेक्ससच्या एका धन्यानें पाहुण्यास छाती फुगवून सांगितलें, "सकाळीं मोटार घेऊन निघालों, तर सूर्यास्तापर्यंत माझ्या जमिनीची हद्द लागत नाहीं." पाहुणा शांतपणें उत्तरला, "माझ्याकडेही एकदां अशीच मोटार होती. मीं ती विकून टाकली."

पाहुणचारास निघण्याचा काळही कामानें ठरवून दिलेला असतो. वसंतांत गाई वितात, मग वासरांना डाग देण्याचें काम येतें, उन्हाळ्यांत गवत कापून व वाळवून त्याच्या गंजी रचावयाच्या, आणि पानगळीच्या सुमारास वासरें विकावयाचीं. यांतून जी सवड सांपडेल तींत दोन चार जोडपीं मिळून निघतात. कोठें कोठें पशुपालकांच्या मंडळांतर्फें मोठी सहलच निघते. नेवाडांतील एल्को या गांवीं १९८५ सालीं गुराख्यांचें एक कविसंमेलन सुरू झालें. तें जानेवारीच्या अखेरीस ठेवण्याचें कारण हेंच कीं, गाई विण्यापूर्वीं त्या लोकांस तेवढीच काय ती उसंत असते. काव्यशास्त्रविनोदाचा काळ गाईंच्या वेळापत्रकावरून ठरावा, ही गोष्ट आम्हांस तरी फार आवडली.

रँचवरून हिंडतांना दर थोड्या वेळानें कुंपणाचें दार लागतें. तें जसें सांपडेल तसेंच ठेवून पुढें जावें, म्हणजे मिटलेलें असेल तर मिटावें व उघडें असेल तर उघडेंच सोडावें, हा तिकडचा पहिला सदाचार. दार उघडण्याचें काम मोटारीच्या कडेस बसलेल्या पाहुण्याचें. म्हणून ते विचारतात, "एका मोटारींत तिघे शेजारीं शेजारीं बसले आहेत, त्यांतील खरा जाणता गुराखी ओळखावा कसा?" उत्तर असें कीं, जो मध्यें बसला आहे तो, कारण त्याला मोटारही हांकावी लागत नाहीं व दारेंही उघडावीं लागत नाहींत. पंगतींत वाढप्याच्या वाटेपासून दूर, पण भाताच्या पातेल्याजवळ बसणारे आमच्याकडील अनुभवी गृहस्थ या ठिकाणीं वाचकांस आठवतील.

पाहुणा जेवतो कमी, पाहतो अधिक. कुंपणाची तार सैल आहे कीं ताठ, गवताच्या गंजी किती, वासरांच्या पाठी भरल्या आहेत कीं नाहींत, हें सर्व त्याच्या नजरेंत भरतें आणि परतल्यावर त्याचें भांडवल होतें. सर्वांत मोठा वाद गुरांच्या जातींचा. काळीं, बिनशिंगी अँगस गुरें १८७३ सालीं स्कॉटलंडांतून कॅन्ससमध्यें आलीं. तांबड्या अंगाचीं व पांढऱ्या तोंडाचीं हेरफर्ड गुरें त्यापूर्वींच, १८१७ सालीं, इंग्लंडांतून केंटकींत आलीं होतीं. काळ्याचा अभिमानी तांबड्याच्या अभिमान्यास हंसतो, तांबड्याचा काळ्यास; आणि बहुधा दोघांच्याही कळपांत काळ्या अंगाचीं, पांढऱ्या तोंडाचीं मिश्र वासरें हुंदडत असतात! शैव-वैष्णवांचे वाद ज्यांनीं ऐकले आहेत त्यांस अधिक सांगणें नको.

या वादांत आपलेंही एक नातें गुंतलेलें आहे. टेक्ससचें ऊन व गोचीड विलायती गुरांस सोसेनात, तेव्हां तिकडील लोकांनीं वशिंडाचीं, लोंबत्या पोळीचीं भारतीय गुरें नेलीं. गीर, गुजरात व नेल्लोर यांच्याबरोबर आपल्या कृष्णाकांठच्या खिलाऱ्या बैलांचें शेजारी असलेलें 'कृष्णा व्हॅली' हें वाणही त्यांत होतें. सांगली व आसपासच्या संस्थानिकांनीं काळ्या जमिनीच्या मशागतीसाठीं जें वाण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जोपासलें तेंच हें. आज तें आपल्याकडे फारच थोडें उरलें आहे. या सर्वांच्या मिश्रणास १९२४ सालीं स्थापन झालेल्या तिकडील संघानें नांव दिलें 'ब्राह्मण'! किंग रँचनें त्याच भारतीय रक्ताचा शॉर्टहॉर्न गाईंशीं संकर करून जें वाण काढलें, त्यास १९४० सालीं सरकारमान्यता मिळाली. हीं सर्व गुरें मुख्यतः मांसासाठीं पाळलीं जातात. हें आमच्या वाचकांस रुचणार नाहीं, आम्हांसही रुचत नाहीं. परंतु "अमक्याचा ब्राह्मण फार हट्टी, कुंपणाबाहेर उडी घेतो", असें दोन टेक्ससकर बोलत असतां तेथें एखादे शास्त्रीबुवा हजर असते तर काय झालें असतें, याची कल्पना करून आम्हांस एकट्यासच हंसूं येतें.

अमरकोशांत परिहास व नर्म हे शब्द क्रीडेच्या पंक्तीस बसविलेले आहेत. क्रीडा म्हटली कीं नियम आलेच. रँचवाल्यास "आपलीं गुरें किती?" असें विचारणें म्हणजे पेढींत शिल्लक किती असें विचारणें होय, तो प्रश्न थट्टेंतही कोणी काढीत नाहीं. दुसरा नियम अवर्षणाचा. नोहाच्या वेळीं चाळीस दिवस पाऊस पडून पृथ्वी बुडाल्याची कथा बायबलांत आहे. "त्या वर्षीं आमच्याकडे पाव इंच पडला", असें कोरड्या मुलखाचा धनी सांगतो. पण हें बोलावयाचें तें धन्यानेंच. पाहुण्यानें तें बोलणें शोभत नाहीं. त्यानें फक्त हंसावें, आणि घरीं गेल्यावर स्वतःच्या गंजी मोजाव्या.

गुरांवरील डाग मात्र खुशाल वाचावेत. तापलेल्या लोखंडानें अंगावर उठविलेलीं हीं अक्षरें डावीकडून उजवीकडे व वरून खालीं वाचावयाचीं. अक्षर आडवें निजविलें असेल तर त्यास 'आळशी' म्हणतात, पंख लाविले असतील तर 'उडतें', खालीं कमान असेल तर 'झुलतें'. आमच्या शाळेंतील पाट्यांवर या तिन्ही जातींचीं अक्षरें विपुल असत; त्यांस अशीं गोड नांवें द्यावयाचें मात्र आम्हांस सुचलें नाहीं. डाग देण्याच्या दिवशीं शेजारीपाजारी मैलोगणती चालून येतात. कोणी दोरी टाकतो, कोणी वासरूं धरतो, कोणी लस टोचतो. मजुरी कोणी मागत नाहीं. दुपारचें जेवण, आणि पुढच्या आठवड्यांत त्याच्याकडे आपण जाणें, एवढीच फेड. आपल्या शेतकऱ्यांची इर्जिक ती हीच. थट्टेचा बराचसा माल याच दिवशीं जमतो, कारण कोणाची दोरी कितीदां हुकली हें सर्वांनीं मोजलेलें असतें.

या धंद्यांत पैसा किती, याचें उत्तरही ते विनोदानेंच देतात. सोडतींत दहा लक्ष डॉलर मिळाले तर काय कराल, असें एकास विचारलें. तो म्हणाला, "ते संपेपर्यंत गुरें पाळीन."

आतां पुढील हकीकत. २०१३ च्या ऑक्टोबरच्या आरंभीं दक्षिण डकोटाच्या पश्चिम भागांत अवेळीं हिमवादळ झालें. गुरें अद्याप उन्हाळी कुरणांतच होतीं. हिवाळ्याची लव त्यांच्या अंगावर आली नव्हती. आधीं पावसानें तीं भिजलीं, मग वारा व बर्फ सुरू झालें, आणि हजारों गुरें उभ्या जागीं गेलीं. त्याच सुमारास वॉशिंग्टनांत राजकीय तंटा होऊन सरकारी कचेऱ्या बंद होत्या व नुकसानभरपाईचा कायदा मुदत संपून पडला होता. अर्ज करावयास जागा नव्हती. तेव्हां मोंटाना व इतर प्रांतांतील पशुपालकांनीं आपल्या कळपांतील गाभण कालवडी निवडल्या, गाड्यांत घातल्या, व शेंकडों मैलांवर नेऊन त्या लोकांच्या दारीं बांधल्या. घेणारा बहुधा देणाऱ्यास ओळखतही नव्हता. गोदानाचा संकल्प ज्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या सोडला जातो त्यांनीं हें दान डोळ्यांपुढें आणावें. येथें गाईच्या जागीं नाणें चालण्यासारखें नव्हतें.

२०१७ च्या मार्चमध्यें कॅन्सस, ओक्लाहोमा व टेक्सस या प्रांतांत वणवा पेटला. माणसें गेलीं, हजारों गुरें होरपळलीं, मैलोगणती कुंपण जळून गेलें. दूरच्या मिशिगनपासून गवताच्या भाऱ्यांनीं लादलेल्या गाड्यांच्या रांगा निघाल्या. गाडी हांकणारे स्वतःच शेतकरी होते. भारे उतरवून झाले कीं त्यांतील कित्येक जण तारा ताणावयास हात लावीत. कुंपण सैल कीं ताठ हें पाहण्याची संवय त्यांस होतीच.

डकोटांत गेलेल्या कालवडी पुढील वसंतांत व्याल्या. ज्यांच्या अंगावर जुन्या धन्याचा डाग होता तो तसाच राहिला, कारण तो पुसला जात नाहीं. अशी गाय कळपांत चरतांना दिसली म्हणजे पाहुणा मोटार थांबवून तें परकें अक्षर वाचणार, आणि धन्यास विचारणार कीं, हें आळशी अक्षर तुमच्या घराण्यांत केव्हांपासून शिरलें?