किल्ल्या कोणाच्या हाती?

आपल्याकडील अनेक देवस्थाने, शिक्षणसंस्था, वाचनालये आणि पतसंस्था यांनी अलीकडच्या काळात स्वतःची संकेतस्थळे उघडली आहेत. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह होय. उत्सवाचे कार्यक्रम, प्रवेशाच्या तारखा, निविदा, देणगीसाठी बँकेचा खातेक्रमांक असा सारा मजकूर परगावी वा परदेशी असलेल्या माणसालाही आता घरबसल्या वाचावयास मिळतो. पूर्वी हेच काम कार्यालयाबाहेरील सूचनाफलक करीत असे. त्या फलकाच्या काचेला कुलूप असे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे सर्वांना ठाऊक असे. फलकाची जागा संकेतस्थळाने घेतली; परंतु त्याच्या किल्ल्या कोणाकोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न किती कार्यकारी मंडळांनी स्वतःस विचारला आहे?

सर्वसाधारण चित्र असे दिसते. कोणी होतकरू तरुण संकेतस्थळ उभारून देतो. 'ॲडमिन' नावाचे एकच खाते उघडले जाते आणि त्याचा पासवर्ड अध्यक्ष, चिटणीस, कारकून, छायाचित्रे चढविणारा स्वयंसेवक अशा सर्वांना सांगितला जातो. मंडळे बदलतात, कारकून नोकरी सोडून जातो, पासवर्ड मात्र तोच राहतो. अशा स्थितीत देणगीच्या खातेक्रमांकातील आकडे कोणी बदलले, तर भाविकांचा पैसा भलत्याच्याच पदरी पडेल. हे कृत्य कोणाचे, याचा छडा लागणेही कठीण. कारण नोंद सापडेल ती केवळ 'ॲडमिन' या नावाची. मग संशय सर्वांवर येतो आणि चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रसंग ओढवतो.

हा धोका केवळ लहान संस्थांनाच आहे, असेही नव्हे. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांचे ट्विटरवरील खाते अकरा मिनिटे अदृश्य झाले होते. ग्राहकसेवा विभागातील एका कर्मचाऱ्याने नोकरीच्या अखेरच्या दिवशी ते बंद केले, असा खुलासा त्या कंपनीनेच केला. एवढ्या बलाढ्य कंपनीतही निरोप घेणाऱ्या माणसाच्या हाती एवढा अधिकार राहिला, यातून बोध घ्यावयाचा तो हाच की, प्रश्न यंत्राचा नसून व्यवस्थेचा आहे.

वस्तुतः ही व्यवस्था करण्याची सोय त्या यंत्रणेतच आहे. संकेतस्थळावरील मजकूर सांभाळण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी 'वर्डप्रेस' ही प्रणाली 2003 साली अवतरली. तिच्यात अधिकारांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. 'कॉन्ट्रिब्युटर' लेख लिहू शकतो, पण स्वतः प्रसिद्ध करू शकत नाही. 'ऑथर' स्वतःचा मजकूर प्रसिद्ध करू शकतो, दुसऱ्याच्या मजकुराला हात लावू शकत नाही. 'एडिटर' सर्वांचा मजकूर तपासू व बदलू शकतो. नवी खाती उघडणे, जुनी काढणे आणि संकेतस्थळाची मूळ रचना पालटणे हे अधिकार तेवढे 'ॲडमिनिस्ट्रेटर'कडे असतात. 'ड्रुपल' आणि 'जूमला' या प्रणालींतही अशीच सोय आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीत बातमीदार, उपसंपादक व संपादक यांची जी उतरंड असते, तीच ही.

ज्याला जेवढे काम, त्याला तेवढाच अधिकार, हे यामागील सूत्र. सॉल्ट्झर व श्रोडर या दोन अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी 1975 साली ते शास्त्रीय परिभाषेत मांडले. पण आपल्या माणसांना ते परके वाटण्याचे कारण नाही. पुजाऱ्याकडे गाभाऱ्याची किल्ली असते म्हणून फंडपेटीचीही असावी, असे कोणी म्हणत नाही. फंडपेटी चारचौघांसमक्ष उघडावी, रक्कम मोजावी, वहीत लिहावी आणि खाली सह्या कराव्यात, ही रीत आपल्या परिचयाची आहे. त्यात पुजाऱ्याचा वा खजिनदाराचा अपमान होतो, असे आजवर कोणाला वाटलेले नाही. उलट, ती रीत प्रामाणिक माणसाचे खोट्या आळापासून रक्षण करते.

'आमची संस्था लहान, सारे काम एकच माणूस करतो. हे सोपस्कार कशाला?' असा आक्षेप घेतला जाईल. परंतु वेगळे खाते उघडण्यास दमडीही पडत नाही. एकाच माणसाने सारे करावयाचे असले, तरी रोजच्या लिखाणासाठी त्याने 'एडिटर'चे खाते वापरावे आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर'चे खाते प्रसंगापुरतेच उघडावे. रोजच्या वापरातला पासवर्ड चोरीस गेला, तरी निदान सारे घर चोराच्या हाती पडणार नाही.

आमच्या मते प्रत्येक संस्थेने एवढे तरी ठराव करून पाळावे. प्रत्येकाचे खाते त्याच्या स्वतःच्या नावाने असावे. म्हणजे कोणता बदल कोणी केला, हे पाहता येते. सर्वाधिकार दोनच जबाबदार पदाधिकाऱ्यांकडे असावेत. एकाकडेच ठेवल्यास तो आजारी पडताच सारे अडून बसते. संकेतस्थळ उभारणाऱ्याचा अधिकार काम संपताच काढून घ्यावा. पदभार सोडणाऱ्याकडून दप्तर व शिक्के घेतो, त्याच दिवशी त्याचे खातेही बंद करावे. खाते काढताना त्या माणसाचे लेख पुसून टाकावयाचे की दुसऱ्याच्या नावे करावयाचे, असे वर्डप्रेस विचारते. तेथे घाई केल्यास वर्षांचे लिखाण क्षणात नाहीसे होईल. आणि वर्षातून एकदा, हिशेबतपासणीच्या वेळी, खात्यांची यादीही मंडळापुढे वाचली जावी.

2023 साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, लोकांची माहिती सुरक्षित राखण्यात कसूर केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विद्यार्थ्यांची वा देणगीदारांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक संकेतस्थळामार्फत गोळा करणाऱ्या संस्थांनी हे ध्यानी ठेवावे. पण दंडाच्या धाकाहून मोठी गोष्ट लोकविश्वासाची आहे. संस्थेच्या नावाने छापलेले अक्षर खरे मानून लोक वागतात. त्या अक्षराच्या किल्ल्या सांभाळणे हे विश्वस्ताचे पहिले कर्तव्य होय.